पिवळी कॅप्सूल, पांढरे जेल आणि आखाजीनंतरचे लग्न

पारोळा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी हाती आले. त्या 24 वर्षांच्या असून बी.एस्सी. झालेल्या आहेत. चेहऱ्यावर आणि पाठीवर गाठीचे मुरूम होते, म्हणून जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दोन महिन्यांपूर्वी त्यांना रोज रात्री लावण्यासाठी अ‍ॅडापॅलीन 0.1 टक्के जेल आणि जेवणानंतर घेण्यासाठी आयसोट्रेटिनॉइन 20 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल लिहून दिली. मुरूम पुष्कळ कमी झाले. मधल्या काळात त्यांचे लग्न ठरले असून तारीख आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पंधरा दिवसांनी आहे. डॉक्टरांना हे अजून सांगितलेले नाही. कॅप्सूलच्या स्ट्रिपा घराच्या पत्र्याच्या खोलीत, वरच्या फळीवर ठेवल्या होत्या आणि त्यातल्या काही मऊ पडून एकमेकींना चिकटल्या. त्यांच्या वहिनींना तिसरा महिना आहे. वाया जाते म्हणून त्यांनी चिकटलेली एक कॅप्सूल सुईने टोचली आणि आतले पिवळे तेल गालावरच्या डागाला लावले. आई म्हणते, ‘व्हिटॅमिनच शे ना’, मग भीती कसली? सतरा वर्षांच्या भावालाही त्यातल्याच कॅप्सूल हव्या आहेत. ‘हे औषध नेमके काय आहे, ते कसे हाताळावे आणि लग्नाचे काय करावे,’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या पत्रात वहिनींची गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत आली आहे, पण मी तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण ते पत्र लिहिताना तुमचा जीव तिथेच अडकला होता हे अक्षरावरून कळते. बोटाला आणि गालाला एकदा लागलेल्या तेलातून त्वचेवाटे रक्तात जाणारे औषध फार थोडे असते; कॅप्सूल गिळल्यावर शरीरात जे जाते त्याच्याशी त्याची तुलना होत नाही. शिवाय हाच रेणू अगदी सूक्ष्म प्रमाणात प्रत्येकाच्या रक्तात मुळातच असतो. तेव्हा या एका घटनेवरून बाळाला काही झाले असेल असे मानण्याचे कारण नाही, आणि घाबरून कोणी भलताच निर्णय घेऊ नये, हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते. कारण आपल्याकडे घरातल्या चार जणांच्या कुजबुजीतून असे निर्णय होताना मी पाहिलेले आहेत. वहिनींनी पुढच्या तपासणीला ती रिकामी स्ट्रिप सोबत नेऊन आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घडले ते सांगावे, आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास सर्वच गरोदर स्त्रियांची जी सविस्तर सोनोग्राफी होते ती चुकवू नये. मात्र यापुढे त्यांनी त्या कॅप्सूलला हात लावायचा नाही आणि तुमचे जेलही वापरायचे नाही. जेलमधून रक्तात जाणारे औषध अत्यल्प असले तरी गरोदरपणात ते टाळायचे असते. फुटलेली कॅप्सूल घरात कुठे सापडली, तर ती ज्यांना दिवस गेलेले नाहीत अशा व्यक्तीने कागदाने उचलावी, जागा साबणाच्या पाण्याने पुसावी आणि हात धुवावेत.

आता आईंच्या म्हणण्याविषयी. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. या औषधांचे कूळ खरोखरच अ जीवनसत्त्वाचे आहे. आपण खातो त्या अ जीवनसत्त्वापासून शरीर रेटिनॉइक आम्ल बनवते, आणि हे आम्ल पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुके चालू राहावीत आणि कोणती बंद, याचे आदेश देते. आयसोट्रेटिनॉइन म्हणजे त्याच वीस कार्बनच्या आम्लाचे, तेराव्या कार्बनपाशी एक बंध दुसऱ्या बाजूला वळलेले रूप. गाजर किंवा पपई खाल्ल्यावर त्यातल्या कॅरोटीनचे अ जीवनसत्त्व किती बनवायचे हे शरीर आपल्या गरजेनुसार ठरवते. कॅप्सूल मात्र ही चाळणी ओलांडून आदेश देणारा पदार्थच थेट रक्तात सोडते. त्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी आक्रसतात, तेल कमी सुटते, रंध्रे तुंबत नाहीत आणि इतर कशाने न हटलेले गाठीचे मुरूम हटतात. हे औषध मी अतिशय मोलाचे मानते. चेहऱ्यावरच्या खड्ड्यांमुळे खाली मान घालून वावरणाऱ्या मुली यामुळे मान वर करून चालू लागलेल्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते कोणी औषधाची निंदा म्हणून वाचू नये.

पण पेशींना आदेश देणारा पदार्थ गर्भापर्यंत पोहोचला तर तिथेही आदेशच देतो, आणि तिथे ते चुकीचे ठरतात. बाळाचा चेहरा, कान, जबडा आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ज्या पेशींपासून घडतात, त्या पहिल्या काही आठवड्यांत मज्जानलिकेच्या (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात तिच्या) कडेवरून निघून आपापल्या जागी प्रवास करतात. रेटिनॉइडच्या, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या या औषधांच्या, मोठ्या मात्रेने हा प्रवास बिघडतो. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी करेपर्यंत यातला बराचसा काळ उलटून गेलेला असतो, हीच यातली कठीण गोष्ट आहे. हे औषध अमेरिकेत 1982 साली बाजारात आले तेव्हाच गरोदरपणात ते घेऊ नये असा इशारा त्यावर होता, तरीही अपघात झाले. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणी हे औषध पोटात गेलेल्या 154 स्त्रियांची नोंद आहे: 95 जणींनी गर्भपात करून घेतला, 12 जणींचा आपोआप झाला आणि उरलेल्या 47 बाळांपैकी 21 बाळांमध्ये गंभीर जन्मजात दोष आढळले. नुसत्या इशाऱ्यावर भागत नाही हे ओळखून अमेरिकेने 2006 पासून हे औषध घेणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी आणि गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांची दरमहा तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देण्याचा नियम आहे. पुढची खबरदारी डॉक्टर, दुकानदार आणि रुग्ण यांच्यातल्या बोलण्यावर उरते, आणि ते बोलणेच आपल्याकडे संकोचापायी होत नाही. मुलगी अविवाहित आहे म्हणून तिला काही विचारले जात नाही आणि मुलगी लाजेने काही सांगत नाही. औषधांच्या दुकानात मी बरीच वर्षे उभी राहिलेली आहे. हातावर मेंदी असलेली मुलगी चिठ्ठीशिवाय ‘त्या मुरुमांच्या गोळ्या’ मागायला आली की मी तिला बाजूला घेऊन लग्नाची तारीख विचारत असे, आणि तिच्यासोबत आलेल्या बाईंना माझा राग येत असे. आजही मी तेच विचारीन.

तेव्हा लग्नाचा हिशेब आपण नीट मांडू. आयसोट्रेटिनॉइनचे शरीरातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे वीस तास लागतात आणि शरीरात त्याचे जे रूपांतर होते त्याला त्याहून थोडे अधिक, म्हणजे काही दिवसांत दोन्ही जवळजवळ निघून जातात. तरीही पुरेसे अंतर राखण्यासाठी शेवटच्या कॅप्सूलनंतर पूर्ण एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही असा नियम आहे. तुमचे लग्न आखाजीनंतर पंधरा दिवसांनी आहे. हनुमान जयंतीपासून आखाजी अठरा दिवसांवर येते. त्यात पंधरा मिळवले की तेहेतीस दिवस होतात. म्हणजे हनुमान जयंतीनंतर एकही कॅप्सूल घेतली नाही, तर लग्नाच्या दिवशी महिना उलटून वर दोन-तीन दिवस हाताशी राहतात. हे औषध अचानक थांबवल्याने अपाय होत नाही, मात्रा हळूहळू कमी करावी लागत नाही, आणि थांबवून महिना झाल्यावर राहिलेल्या गर्भाला या औषधाचा धोका नसतो. पुढे मूल होण्यातही त्याची आडकाठी नाही. कोणी तुम्हाला याविरुद्ध सांगून घाबरवले, तर ते मनावर घेऊ नका.

दुसरा मार्ग असा की औषध पूर्ण करायचे आणि तोवर गर्भनिरोधनाची दोन साधने एकाच वेळी वापरायची, ती औषध संपल्यानंतरही एक महिना चालू ठेवायची. हा मार्ग शास्त्राला मान्य आहे. परंतु नव्या घरात, सासू-नणंदांच्या वावरात, रोजची गोळी न चुकवणे आणि नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात हे सगळे पटवून देणे किती जणींना जमेल, याचा विचार करून मी तुम्हाला पहिला मार्ग सुचवते. तुमचे वजन 50 किलो धरले, तर पूर्ण उपचारात एकूण सुमारे 6000 मिलिग्रॅम औषध पोटात जावे असे सर्वसाधारणपणे मानतात, आणि तुमचे आतापर्यंत 1200 च्या आसपास झाले आहे. म्हणजे मध्येच थांबल्यास मुरूम पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता आहे हे खरे. तसे झाले तर वर्ष-सहा महिन्यांनी, मूल कधी हवे हे दोघांनी ठरवल्यानंतर, उपचार पुन्हा सुरू करता येतो. अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांनी घ्यायचा आहे. मात्र त्यांना लग्नाची तारीख याच आठवड्यात फोन करून कळवा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका. आणि होणाऱ्या नवऱ्याशीही तुम्ही स्वतः बोला. मुरूम त्यांनी बघण्याच्या कार्यक्रमातच पाहिले आहेत, त्यात लपवण्यासारखे काही उरलेले नाही. दिवस राहावेत असे ठरवाल तेव्हा जेलही थांबवायचे आहे, हेही त्यांना माहीत असलेले बरे.

चिकटलेल्या कॅप्सूलविषयी तुम्ही विचारले आहे की आतले तेल तर तसेच आहे, मग त्या का घेऊ नयेत? आयसोट्रेटिनॉइन हे पिवळे-नारिंगी स्फटिक असून पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते तेलात कालवून जिलेटिनच्या मऊ आवरणात भरतात. त्याचा पिवळा रंग त्या रेणूतल्या लांब साखळीमुळे येतो, जिच्यात एकाआड एक दुहेरी बंध असतात. ही साखळी प्रकाश शोषून घेते, आणि तीच उजेड व हवेतल्या ऑक्सिजनपुढे टिकत नाही, बंध वळतात किंवा तुटतात. उष्णतेने ही मोडतोड लवकर होते, शिवाय जिलेटिन मऊ पडून आवरणाची शिवण उघडते आणि हवा आत शिरते. किती औषध शाबूत राहिले हे डोळ्यांनी पाहून कोणालाही सांगता येणार नाही. पाकिटावर 25 किंवा 30 अंश सेल्सिअसखाली ठेवा असे छापलेले असते. आपल्याकडे चैत्रातच पारा चाळिशीला टेकतो आणि वैशाखात 44-45 पर्यंत जातो, आणि पत्र्याखालच्या वरच्या फळीवर दुपारी तीन वाजता हात ठेवून पाहिलात तर मी काय म्हणते ते लगेच कळेल. म्हणून त्या घेऊ नका, आणि राहिलेले दिवस भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दोन कॅप्सूलही घेऊ नका.

तुमच्या घराचा जुना भाग धाब्याचा आहे असे तुम्ही लिहिले आहे. मातीचे जाड छत आणि जाड भिंती यांमुळे ती खोली भर दुपारीही गार असते. हनुमान जयंतीपर्यंत ज्या थोड्या कॅप्सूल लागतील त्या तिथेच, जमिनीलगतच्या कोनाड्यात, मूळ स्ट्रिपमध्येच, झाकणाच्या डब्यात ठेवा. चुलीजवळ नको, आणि माठाच्या ओलाव्यातही नको, कारण जिलेटिन पाणी ओढून घेते. उन्हाळ्यात महिन्याचे औषध एकदम न घेता दहा-दहाच घ्यावे. जळगावहून येताना ते गाडीच्या डिक्कीत तर कधीच ठेवू नये. उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिक्कीत तासाभरात स्ट्रिप मऊ पडलेली मी पाहिली आहे.

जेलची गोष्ट वेगळी आहे. निसर्गातल्या रेटिनॉइक आम्लाची साखळी नाजूक आहे हे ओळखून रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या जागी पक्की वलये बसवली आणि त्यातून अ‍ॅडापॅलीन घडले. ते 1990 च्या दशकात वापरात आले. डांबरगोळीत जे नॅप्थॅलीनचे जोडवलय असते तशीच बांधणी त्याच्या गाभ्यात आहे, मात्र नाव ऐकून बिचकू नका, दोन्ही पदार्थ अगदी वेगळे आहेत. या बांधणीमुळे अ‍ॅडापॅलीनची भुकटी पांढरी असते, उजेडाने ते सहसा बिघडत नाही आणि मुरुमांवरच लावायच्या ज्या बेन्झॉइल पेरॉक्साइडने ट्रेटिनॉइन (रेटिनॉइक आम्लाचेच लावायचे औषध) निकामी होऊ शकते त्याच्याबरोबरही ते टिकते. औषध उन्हाने बिघडत नसले तरी ते लावलेली त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून ते रात्रीच लावायचे असते. तोंड साध्या साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे झाल्यावर, वाटाण्याएवढे जेल साऱ्या चेहऱ्यासाठी पुरते. डोळ्यांच्या कडा, ओठ आणि नाकाचे कोपरे सोडावेत. मुरुमावर थापून ठेवल्याने तो लवकर जात नाही, फक्त त्वचा सोलते.

कॅप्सूल घ्याल तोवर ती जेवणासोबतच घ्या. उपाशीपोटी घेतली तर निम्म्याहून कमी औषध अंगी लागते. वरण-बट्टीवर तुपाची धार असते त्या जेवणाबरोबर ती उत्तम शोषली जाते, मात्र हे औषध रक्तातली चरबी वाढवू शकते, तेव्हा तूप नेहमीइतकेच असू द्या आणि डॉक्टरांनी सांगितलेली रक्ताची तपासणी, चरबीची आणि यकृताची, टाळू नका. तुम्ही अ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही घेत आहात असे पत्रात आहे. त्या आजच बंद करा, कारण दोन्हींचे दुष्परिणाम एकात एक मिसळतात. डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन ही प्रतिजैविके या औषधासोबत घेऊ नयेत, कारण दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी आणि धूसर दिसणे हे त्याचे लक्षण आहे आणि तसे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मन विनाकारण खिन्न राहू लागले तर तेही लपवू नका. लग्नाच्या धावपळीत लोक त्याला माहेर सुटण्याचे दुःख म्हणतील, पण औषध चालू आहे एवढे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवे. ओठ फुटणे, डोळे कोरडे पडणे, नाकातून क्वचित रक्त येणे हे मात्र अपेक्षित आहे. ओठांना पेट्रोलियम जेली पुरते.

लग्नाआधीच्या तयारीत एक धोका दडलेला आहे, तो पार्लरमध्ये कोणी सांगणार नाही. या औषधाने त्वचेचा वरचा थर पातळ आणि ठिसूळ होतो, म्हणून औषध चालू असताना आणि थांबवल्यानंतरही सहा महिने वॅक्सिंग, केमिकल पील आणि लेसर करू नये. वॅक्सच्या पट्टीबरोबर कातडी निघून आल्यास कायमचा डाग राहू शकतो. नवरीच्या पॅकेजमधून या गोष्टी स्पष्टपणे वगळायला सांगा. हळदीच्या दिवशी करवल्यांना उटणे घासू देऊ नका, हळद नुसती हलक्या हाताने टेकवू द्या. पत्रिका वाटायला उन्हात जावे लागले तर चेहऱ्याला रुमाल बांधण्याची आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे, त्याखाली एसपीएफ 30 चे सनस्क्रीनही लावा.

भावाच्या बाबतीत माझे उत्तर साफ नकाराचे आहे. पुरुषांना गर्भाचा प्रश्न नाही, पण चरबी, यकृत, डोळे आणि मन हे त्यालाही आहेत. त्याची मात्रा त्याच्या वजनावर आणि मुरुमांच्या प्रकारावर ठरेल. कदाचित त्याला कॅप्सूल लागणारही नाही, जेलवर भागेल. त्याला त्याची स्वतंत्र चिठ्ठी मिळू द्या. आणि तुमच्याकडे उरलेल्या चांगल्या कॅप्सूलही ‘पुढे कोणाच्या उपयोगी पडतील’ म्हणून डब्यात जपून ठेवू नका. घरात कोणाला सोरायसिससाठी असिट्रेटिन दिलेले असेल तर तो याच कुळातला अधिक चिवट भाऊ आहे, त्याच्या बाबतीत औषध संपल्यावरही तीन वर्षे गर्भ टाळावा लागतो. नावे सारखी वाटतात म्हणून एकाच्या जागी दुसरे कधी घेतले जाऊ नये.

14 एप्रिलला गावोगावी रक्तदानाची शिबिरे भरतात आणि तुम्ही दरवर्षी रक्त देता असे लिहिले आहे. यंदा देऊ नका. शेवटच्या कॅप्सूलनंतर महिना होईपर्यंत तुमचे रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला चढवले जाण्याचा धोका घेता येत नाही. शिबिरातल्या फॉर्मवर औषधाचे नाव लिहिलेत की तेथील डॉक्टर स्वतःच तुम्हाला थांबवतील.

चिकटलेल्या स्ट्रिपा उकिरड्यावर टाकू नका, तिथे गुरे-शेळ्या तोंड घालतात आणि मुलांना रंगीत वस्तूंचे आकर्षण असते. विहिरीत किंवा पाटातही नको. त्या कागदात गुंडाळून, वर ‘खराब’ असे लिहून, जिथून घेतल्या त्या दुकानात परत द्या आणि तिथल्या फार्मासिस्टला त्या का परत करत आहात ते सांगा. जळगावला जाल तेव्हा पाकिटावरची तारीख, पाळीची शेवटची तारीख आणि लग्नाची तारीख, या तिन्ही एकाच चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा, म्हणजे आईंसमोर बोलण्याचा संकोच वाटला तरी काम अडणार नाही.